लुआंग्वाकाठी बंब पेटवणाऱ्या दादांस

दादा,

सप्रेम नमस्कार. आणि तुमच्या न्यांजा भाषेत, झिकोमो क्वांबिरी, म्हणजे खूप खूप आभार.

झांबियातल्या साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानातून परतलेली माणसं बिबट्याचे फोटो दाखवतात, गाइडचं कौतुक करतात. ते करावंच. पण नदीकाठच्या त्या गवती कॅम्पवर ना नळ, ना विजेच्या तारा, ना कुंपण. तिथे रोज संध्याकाळी अंघोळीला कढत पाणी मिळतं आणि रात्री जेवून पाहुणा सुखरूप तंबूत पोचतो, ते तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमचा बॉयलर म्हणजे आमच्या परसातल्या बंबाचा सख्खा भाऊ. विटांवर आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप आणि खाली जाळ. गार पाणी तळाशी शिरतं, कढत पाणी वरच्या अंगाने बाहेर पडतं, वाफ कोंडू नये म्हणून वर उघडी नळी. जळणाला मोपाने. हे लाकूड जड, त्याचा निखारा तासन् तास धगधगतो. म्हणून तर रात्रीच्या फेरीहून गाडी उशिरा आली तरी पाणी निवलेलं नसतं. तंबूमागे टांगायच्या बादलीत तुम्ही आधी गार ओतता, मग कढत, हाताने अदमास घेता आणि कप्पीवरून बादली वर खेचून दोरी खुंटीला पक्की गुंडाळता. साधारण 20 लिटर पाणी. अंग भिजवून तोटी बंद केली, साबण लावून मग पुन्हा उघडली, तर ते पुरून उरतं. तोटी चालूच ठेवणाऱ्याचं पाणी डोक्याला फेस असतानाच संपतं, आणि दुसरी बादली तुम्हालाच अंधारातून वाहून आणावी लागते. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवावं.

अंधार पडला की पाणघोडे चरायला वर येतात. तुम्ही बॅटरीचा झोत आधी दोन्ही बाजूंच्या झुडपांवर फिरवता, मगच पुढचं पाऊल टाकता. पाणघोडा दिसला तर थांबायचं, त्याला वाट द्यायची. त्याच्या आणि नदीच्या मधे कधीही यायचं नाही, कारण बिथरला की तो पाण्याकडेच धावतो. हत्तींचं निराळं. विंटरथॉर्न हे अजब झाड, पावसाळ्यात निष्पर्ण आणि कोरड्या दिवसांत हिरवंगार! त्याच्या नारिंगी, पिळदार शेंगा तंबूंच्या पुढ्यात पडतात आणि त्या वेचायला हत्ती थेट अंगणात येतात. म्हणूनच तंबूत फळं ठेवू नका, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावता. घरून नेलेले लाडू-चिवडाही स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यातच द्यावेत.

नोव्हेंबरात पाऊस लागला की काळी माती चिकट होते, चाकं रुततात, वाटा बंद पडतात. त्याआधी तुम्ही सगळे मिळून गवत, बोरू, वासे उतरवता. पुराचं पाणी दर वर्षी काठ कापत नेतं, त्यामुळे पुढच्या मोसमात मागच्याच जागी तंबू उभा राहीलच असं नाही. नवी जागा पारखायची, वाट काढायची, शौचखड्डा खणायचा, आणि हे सगळं पहिला पाहुणा यायच्या आत. एवढ्या मेहनतीचा मागमूसही तिथे उतरणाऱ्याला लागत नाही, याची आम्हाला फार रुखरुख वाटते.

लहान विमानात सामानाला साधारण 15 किलोचीच मुभा, म्हणून मोजकंच आणता आलं. कप्पीसाठी 10 मीटर नायलॉनची दोरी आणि दोन बॅटऱ्या स्वयंपाकघरात तुमच्या नावाने ठेवल्या आहेत. जुनी दोरी खुंटीपाशी विरली आहे, ती आधी बदला.

तुमचे ऋणी,
महाराष्ट्रातून आलेले पाहुणे