उजवी कात्री, डावा हात

महोदय,

मी डावखुरी आहे, कराडला ब्लाउज शिवते. डावखुऱ्यांची कात्री इथे मिळेना म्हणून एका संकेतस्थळावरून परदेशी विक्रेत्याकडून १,८५० रुपयांना मागवली. खोकं उघडलं तर कात्री उजव्या हाताची! डाव्या हातात धरली की पाती फाकतात, कापड कापलं न जाता मध्येच दुमडतं. विक्रेता म्हणतो, स्वखर्चाने परत पाठवा. टपालखर्च कात्रीच्या किमतीहून जास्त. चूक त्यांची, भुर्दंड मला का?

ऑनलाइन खरेदी-विक्रीसाठीचे २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना नियमित माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. विक्रेत्याच्या त्या उत्तरानंतर पाठवलेल्या माझ्या तीन ईमेलना साधी पोचही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची मोठी सोय. पण सातासमुद्रापार बसलेल्या विक्रेत्यावर आदेश बजावायचा कसा? परताव्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्या संकेतस्थळावरच टाकावी आणि परतीचा पत्ता भारतातला असणं सक्तीचं करावं, अशी माझी सरकारकडे मागणी आहे. सणाची गिऱ्हाइकं दारात आहेत, आणि मी अजून जुन्याच कात्रीने कापते आहे. अंगठ्याला घट्टा पडलाय.

– शिवणकाम करणारी एक वाचक, कराड