टाइल्स लागण्याआधी

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

नकाशा पाहिला. ८ बाय १० चं स्वयंपाकघर, एल आकाराचा ओटा, पलीकडे ड्राय बाल्कनी. इंटिरिअरवाल्याने शटरचे पाच रंग पाठवलेत, पण विजेचे पॉइंट कुठे ते एकाही चित्रात नाही. रंग अगदी शेवटी ठरला तरी चालतो. टाइल्स लागल्यावर पॉइंट हलवायचा तर भिंत फोडावी लागते, म्हणून तेवढं आधी ठरव.

सिंक ड्राय बाल्कनीच्या बाजूलाच राहू दे, पाण्याचं आउटलेट तिथेच आहे. दुसऱ्या टोकाला नेलंस तर १० फुटांच्या पाइपला निदान ३ इंच उतार लागेल. तो मिळाला नाही की खरकटं साचतं आणि वास येतो. फ्रिज दाराशी, मग सिंक, मग चिरायला सलग ३ फूट, मग गॅस, आणि गॅसच्या पलीकडे पोळपाटासाठी अडीच फूट. ही शेवटची जागा चित्रात नेहमी गायब असते. तिथे मायक्रोवेव्ह बसवतात आणि पोळ्या लाटायच्या कुठे, हा प्रश्न नंतर पडतो. गॅस खिडकीखाली नको, वाऱ्याने ज्योत हलते. कोपऱ्यातल्या २ बाय २ फुटांसाठी फिरत्या ट्रॉलीवर पैसे घालू नकोस. साधी फळी टाक, परात आणि मोठे डबे मावतात.

ओट्याची उंची सरसकट ३४ इंच धरतात. तुम्ही दोघं चपला काढून उभे राहा, कोपर वाकवून जमिनीपासून मोजा आणि ४ ते ५ इंच वजा करा. ऋत्विकचा आकडा तुझ्यापेक्षा बराच जास्त येईल. रोज जास्त वेळ चिरणं-लाटणं जो करणार त्याचा धरा. शेगडी ओट्यावर ठेवणार असाल तर तिची उंची मिळवून बघा, नाहीतर मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदा उचलावा लागतो. माप तयार फरशीपासून घ्यायचं. जुन्या टाइल्सवर नव्या बसवल्या तर इंचभर उंची तिथेच जाते.

ग्रॅनाइटच्या पुढच्या काठाखाली, अर्धा इंच आत, ग्राइंडरने एक बारीक सलग खाच मारून घे. ओटा पुसताना ओघळणारं पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकतं; खाच नसेल तर ते दगडाच्या पोटाला धरून आत जातं आणि ट्रॉलीचं प्लाय फुगतं. कारागीर ‘गरज नाही’ म्हणेल. तरी मारून घे.

आता दिवे. छताच्या मध्यभागी दिवा असला की ओट्याशी उभं राहिल्यावर तो आपल्या पाठीमागे येतो आणि सावली बरोबर विळीवर-सुरीवर पडते. वॅट वाढवले तर सावली फक्त गडद होते. म्हणून वरच्या कपाटांच्या तळाला, भिंतीकडे नव्हे, पुढच्या काठाला एलईडी पट्टी हवी. २४ व्होल्टची घे; १२ व्होल्टची लांब पट्टी दुसऱ्या टोकाला मंद पडते. मीटरला १२ वॅट धरले तर अडीच मीटरला ३० होतात, ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) ४० वॅटचा घे आणि चिमणीपासून लांब, हात पोचेल असा ठेव. पट्टी ॲल्युमिनियमच्या खोबणीत, वर दुधी झाकण. तुझा ग्रॅनाइट काळा, पॉलिशचा; उघड्या पट्टीचे ठिपके त्यात चमकत राहतील. उजेडाचा रंग ४००० केल्विन आणि सीआरआय, म्हणजे वस्तूंचे खरे रंग दाखवण्याचा आकडा, ९० च्या वर. हलक्या एलईडीत फोडणीतला लसूण कधी तांबूस झाला आणि कधी करपला, ते कळत नाही. पट्टीचं बटण दाराशी घे, रात्री पाणी प्यायला मोठा दिवा लावावा लागत नाही. फॉल्स सीलिंगमधले स्पॉट मला तरी पटत नाहीत: डोळ्यांवर येतात, खाचांत तेलकट धूळ बसते.

इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२००, केटल १५००: तिन्ही एकदम म्हणजे साधारण २० अँपिअर. एकाच लाइनवर असतील तर १६ चा एमसीबी, म्हणजे जादा भाराला आपोआप बंद होणारा स्विच, पडू शकतो. तिघांना वेगळ्या लाइनी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. मिक्सरला ६ अँपिअर पुरतो. बोर्ड ओट्यापासून ८ ते १० इंच वर, पण शेगडीच्या मागे नको आणि सिंकपासून २ फूट तरी दूर. प्युरिफायरचा पॉइंटही तेवढं अंतर सोडून सिंकच्या बाजूला घे, नळाच्या डोक्यावर नको.

चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर. डक्ट ६ इंची, कमीत कमी वळणांचा. त्यासाठी बीमला भोक पाडू देऊ नकोस, काचेच्या तावदानातून काढ. पाइपगॅस येईपर्यंत सिलिंडर कपाटात राहणार, तर त्या शटरला तळाशी जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाइपातला गॅस हलका, तो आला की झरोका वरच्या बाजूला लागतो. दोन्ही आत्ताच करून घे.

पाइप आणि वायरिंग झाल्यावर, टाइल्सवाला येण्याआधी, प्रत्येक भिंतीला मापाची टेप लावून फोटो काढ. चिमणी आणि कपाटांसाठी ड्रिल मारतील तेव्हा तेच दाखवायचे. एक संच मला पाठव.

तुझे,
बाबा