शुभे, तो सीन मी काढला

पुणे, रविवार रात्र

शुभे,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागावली असशील, तर तुझं बरोबरच आहे. मी बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. पण जे झालंय ते तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

आक्काचा फोन आला होता. फिल्ममधून पैसे मोजायचा सीन काढून टाक म्हणाली. तुला पाठवला होता तोच. सकाळचे अकरा, बुधवार पेठेतली गल्ली नुकती उठलेली. आक्का न्हाऊन केस मोकळे सोडून यल्लम्माच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावते, तांदळाच्या डब्यातून भिशीचे पैसे काढते, दोनदा मोजते आणि लेकाच्या हातावर ठेवते. आयटीआयची फी. लेकाचा नुसता हात दिसतो, मनगटाला काळा दोरा. शुभे, तीन वर्षं शूटिंग केलं, पण याच्याइतकं खरं दुसरं काही हाती लागलं नाही. धंदा करणाऱ्या बाईचा दिवस पाणी भरण्यात, तांदूळ निवडण्यात आणि फी भरण्यात जातो, एवढंच तर मला दाखवायचं होतं.

त्या दिवशी आक्का काय म्हणाली होती आठवतं? "ह्या कॅमेऱ्याला पण वाढू का गं ताट? सकाळपासून टक लावून बसलाय." तू हसलीस आणि सगळा आवाज खराब केलास. अजून ऐकू येतं तुझं हसणं त्यात.

तर झालं असं, की मार्चमध्ये पोरगा अठराचा झाला. गल्लीत कायदा समजावायला एक वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी १९५६ च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ वाचून दाखवलं. बाईच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार, दोन वर्षांपर्यंत कैद. दलालासाठी केलं असेल, पण पोटच्या पोराला त्यात सूट नाही. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं या बायकांनाही सन्मानानं जगायचा हक्क आहे म्हणून बजावलं, तेव्हा आपण अप्पा बळवंत चौकात उभ्यानं ती बातमी वाचली आणि तू मला भर रस्त्यात मिठी मारलीस. कलम मात्र आहे तिथंच आहे. आणि आईची कमाई पोराच्या हातावर पडताना मी स्वच्छ उजेडात टिपून ठेवलीय.

"त्याच हातात उद्या बेडी घालतील, बाई," आक्का म्हणाली. चिडली नव्हती. विनवत होती, ते जास्त लागलं.

सीन त्याच रात्री काढला. पण ती पुढं म्हणाली, "मशिनीतनं पण पूस." मी म्हटलं, पुसलं. शुभे, नाही पुसलं. आक्काशी मी खोटं बोलले.

आता तुला ती मिरज स्टँडवरची बाई आठवली असणार. तिनं नको म्हटल्यावर तिच्या शूटिंगची माझी टेप घेऊन तू त्याच टेपवर भाच्याचं बारसं शूट करून आलीस. मी आठ महिने तुझ्याशी बोलले नाही. तुला भित्री म्हटलं, सगळ्यांदेखत. तेव्हा ती टेप मला माझी वाटली होती. तू बरोबर होतीस गं. हे इतक्या वर्षांनी लिहिताना हात थरथरतोय.

सासऱ्यांचा मोतीबिंदू झाला ना? मनूचा दहावीचा निकाल कळव. नाशिकच्या घराचं काय ठरलं तेही लिही.

हार्डडिस्क कपाटात साड्यांखाली आहे. येत्या रविवारी येशील? एकटीला ते बटण दाबवत नाही. दोघी मिळून पुसू आणि मग आक्काकडे जाऊ. तिला खरं सांगायचंय, तेव्हा तू शेजारी हवीस.

तुझी,
वंदी