आधी काटा शोधायला शिकवलंत, काका

काका, सप्रेम नमस्कार.

सायकल दुरुस्ती शिकवताना बहुतेक जण हातात पाना देतात आणि कुठला नट कुठे पिळायचा ते सांगतात. तुम्ही पाना बाजूला ठेवून आधी बिघाडाचं कारण शोधायला लावलंत. नवशिक्याला याहून मोठी मदत नसते, म्हणून हे उघड आभार.

पंक्चरचंच घ्या. ट्यूब काढताना व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूने खुणावून ठेवायची, ही तुमची शिस्त. ट्यूबवर भोक सापडलं की टायरवरची नेमकी तीच जागा तपासता येते. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच बहुधा अजून टायरमध्येच रुतलेली असते. आतून कापड फिरवलं की ते अडकतं. उघडं बोट फिरवलं तर कापतं. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप, म्हणजे रिमच्या आतली स्पोकची टोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे का ते बघायचं, कारण तिथे स्पोकचं टोक किंवा रिमची धार ट्यूबला लागते. आणि शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसूच नये. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेपली गेली. टायरच्या कडेला हवेच्या दाबाचे, म्हणजे पीएसआयचे, आकडे छापलेले असतात, ते वाचायची सवय तुम्ही लावलीत.

ठिगळ लावतानाही घाई तुम्हाला चालत नाही. पॉलिश पेपरने जागा घासायची, ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. थर ओला असताना ठिगळ दाबलं की कडा सुटतात. नवशिक्यांची सगळी फजिती इथेच होते. टायर चढवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. मग व्हॉल्व्ह जरा आत ढकलायचा, म्हणजे टायरच्या तारेखाली दबलेली ट्यूब मोकळी होते. टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरू दिला नाहीत, तेही बरंच झालं. त्याने किती ट्यूब फाटल्या असत्या!

चेन ‘ताणली’ जात नाही, तिच्या पिना झिजतात, हे तुमच्याकडून कळलं. फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरला तर नव्या चेनची त्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. गिअरच्या सायकलीत ती 1/16 इंच पुढे गेली की चेन बदलायची. 1/8 इंचापर्यंत वाट पाहिली तर मागची दातेरी चक्रंही झिजलेली असतात आणि नवी चेन त्यांवरून घसरते. तेल प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पेडल उलटं फिरवायचं आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि चेनला कानशीसारखं घासत राहतं.

ब्रेकचं थोडक्यात: रबर रिमलाच टेकायला हवं, टायरला मुळीच नाही. किंचाळत असेल तर रबराचं पुढचं टोक रिमला जरा आधी लागेल असं बसवायचं.

चाक डुलत असेल तेव्हाचा तुमचा धीर आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. ब्रेकचं रबर रिमच्या जवळ आणून चाक फिरवायचं, कुठे घासतं ते बघायचं. रिम उजवीकडे गेलं असेल तर तिथला उजव्या बाजूचा स्पोक पाव फेरा सैल आणि शेजारचा डाव्या बाजूचा पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. एका दमात पूर्ण फेरा पिळला की डुगडुग दुसरीकडे सरकते. आपटून वाकलेलं रिम नुसत्या स्पोकने सरळ होत नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. कुठे थांबायचं ते सांगणारा शिक्षक क्वचितच भेटतो.

मनापासून धन्यवाद, काका.

तुमच्याकडे शिकलेले आम्ही सगळे

ता. क. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे आता कुणी विसरत नाही. पाना पेडलवर उभा धरायचा आणि वरचं टोक पुढच्या चाकाकडे ओढलं की घट्ट, मागच्या चाकाकडे ओढलं की सैल. दोन्ही बाजूंना हाच नियम. बसवण्याआधी आट्यांना ग्रीस लावायचं आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवायचे.