‘वय झालंय, चालायचंच’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

माझ्या आईचा आजार विसरण्यापासून सुरू झाला नाही. तो संशयापासून सुरू झाला. कपाटातले पैसे मीच काढते, असे ती शेजाऱ्यांना सांगू लागली. मी चिडले, भांडले, दोन महिने तिच्याशी बोलले नाही. पुढे ती रोजच्या रस्त्यावर गोंधळू लागली तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो आणि ‘वय झालंय, चालायचंच’ एवढे ऐकून परत आलो. स्मृतिभ्रंशाचे निदान व्हायला त्यानंतर तीन वर्षे गेली. ते दोन महिने आणि ती तीन वर्षे मनातून जात नाहीत, म्हणून हे पत्र.

संशय हेही या आजाराचे लक्षण असू शकते, हे मला कुणी सांगितले नव्हते. खरे तर ही माहिती नवी नाही. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी (स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराला त्यांचेच नाव आहे) ज्या ५१ वर्षांच्या बाईंना तपासले, त्या बाईंच्या आजाराच्या सुरुवातीलाही नवऱ्यावरचा संशयच होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूतले बदल इतर डॉक्टरांपुढे मांडले. म्हणजे हा फक्त म्हाताऱ्यांना होणारा, नुसता विसरण्याचा आजार नाही, हे त्या पहिल्याच रुग्णाकडे पाहून कळत होते.

तरीही अल्झायमर्स डिसीझ इंटरनॅशनल या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत ८० टक्के सर्वसामान्य लोकांनी स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचाच भाग मानला. मला जास्त लागला तो पुढचा आकडा : आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकीही ६५ टक्के जणांना तसेच वाटते. म्हणून माझी पहिली विनंती आहे, की जागृतीची सुरुवात दवाखान्यांपासून करा. लोकांना ‘डॉक्टरांना भेटा’ म्हणून सांगायचे आणि तिथे त्यांना ‘चालायचंच’ ऐकायला मिळायचे, यात माणसाची वर्षे जातात. गोंधळामागे कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते, कधी थायरॉइड, नैराश्य किंवा चालू असलेल्या औषधाचा परिणाम. यांवर उपचार आहेत. पण वयाचे कारण पुढे आले की तपासण्याच होत नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले; ते आवरले तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत कमी ऐकू येणेही आहे. श्रवणयंत्र लावायला लाजणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हे सगळे मी आईच्या पाठीमागे ऐकले आहे, काही वेळा तिच्यासमोरही. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द त्यांपेक्षा बरा, पण तोही फक्त स्मृतीबद्दल बोलतो. स्वभाव पालटणे, तोंडाशी आलेला शब्द न सापडणे, पायरीचा अंदाज चुकणे, नसलेली माणसे दिसणे, यांतले काहीच त्यात मावत नाही. जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावात मूर्खपणाचा अर्थ होता. सरकारने २००४ मध्ये ते नाव बदलले आणि पुढच्याच वर्षी सर्वसामान्यांसाठी दीड तासाचे वर्ग सुरू केले. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते केले आहेत. त्यांत बँकांचे, दुकानांचे कर्मचारी आणि शाळकरी मुलेही आहेत.

असे वर्ग आपणही सुरू करावेत. आई एकदा खिडकीवर पैसे भरताना त्याच नोटा पुन्हा पुन्हा मोजत राहिली. रांगेतून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर ती कित्येक दिवस घराबाहेर पडायला तयार होईना. समोर येऊन बोला, एका वेळी एकच प्रश्न विचारा, ‘आठवतंय का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नका, एवढे जरी त्या खिडकीमागच्या माणसाला शिकवलेले असते, तरी तो प्रसंग निभावला असता.

आणि एक. भित्तिपत्रकांवर सुरकुतलेले हात आणि शून्यात पाहणारे चेहरे छापू नका. त्या भीतीपायीच घरचे लोक आजार लपवतात. नुकते निदान झालेल्यांतले अनेक जण नीट बोलू शकतात, मत देऊ शकतात. मोहीम आखणाऱ्या समितीत त्यांना घ्या आणि पत्रक छापण्याआधी त्यांना वाचायला द्या. निदानानंतरच्या पहिल्या वर्षी माझी आई रोजचे वर्तमानपत्र पूर्ण वाचत होती, त्यावर तावातावाने बोलत होती. तेव्हा तिला कुणी काही विचारले नाही. आता ती बोलत नाही.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी