बंड्या, आधी बर्फ, मग मासा

मिनियापोलिस,
२ डिसेंबर

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि. (मास्तरांनी एकदा याचे दोन गुण कापले होते, तेव्हापासून विसरायची हिंमत होत नाही.)

तुझा साडेचार मिनिटांचा आवाजी निरोप तीनदा ऐकला. त्यातली साडेतीन मिनिटं तू कोंबडी विकणाऱ्याशी भांडतोयस. उरलेल्या मिनिटात प्रश्न असा, की बर्फाला भोक पाडून मासे गरवायचे म्हणजे नेमकं काय करायचं, आणि जानेवारीत लेकीकडे आलास की मी तुला नेईन का. नेईन. फोनवर तू मध्ये बोलतोस, म्हणून पत्र लिहितोय. पूर्ण वाच, मधली पानं उडवू नकोस.

माशाचं नंतर. आधी बर्फाचं सांगतो, कारण मी तुला ओळखतो. नववीत असताना दाभोळच्या खाडीत ओहोटीला "इथे कडक आहे रे" म्हणत तू पुढे गेलास आणि कमरेपर्यंत रुतलास, ते मी विसरलेलो नाही. पाणी चढत होतं, तू पाय उपसायला जायचास आणि आणखी खाली जायचास. होडीतल्या त्या काकांनी फळी सरकवली आणि ओरडले, "उभा राहू नको, आडवा पड!" हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

बर्फाची जाडी नजरेने कळत नाही. काचेसारखा स्वच्छ, काळसर दिसणारा बर्फ किमान चार इंच असेल तरच माणसाने पायी जायचं. स्नोमोबिलला पाच ते सात इंच, लहान मोटारीला नऊ-दहा, पिकअप ट्रकला तेरा. हे आकडे मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याचे आहेत, आणि तेच खातं बजावून सांगतं की शंभर टक्के सुरक्षित बर्फ नसतोच. दुधी, पांढरा बर्फ, म्हणजे वर पडलेला हिम भिजून पुन्हा गोठलेला, त्याची ताकद निम्मी धरायची. तिथे चारचे आठ इंच. वरून हिमाचा जाड थर बसला असेल तर तो गोधडीसारखं काम करतो आणि खाली बर्फ धरायला वेळ लागतो. ओढा येऊन मिळतो ती जागा, दोन बेटांमधली चिंचोळी वाट, तळातून झरा फुटतो तिथे, सगळीकडे जाडी वेगळी.

माझंच सांगतो. इथे आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात घराजवळच्या एका लहान तळ्यावर गेलो. काठाशी भोक पाडून मोजलं, पाच इंच भरले. झालं, आपण पास. चाळीस-पन्नास पावलांवर उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. खालून ओढ्याचं पाणी वाहत होतं आणि तिथे दोन इंचही बर्फ नव्हता. बुटात पाणी शिरलं तेव्हा थंडी वाजली नाही, चटका बसला. नशिबाने दुसरा पाय टिकला. मी मागे आडवा पडलो आणि लोळत लोळत काठाकडे आलो. गळ्यात घालायचे बर्फाचे टोचे गाडीच्या डिकीत, नव्या पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट पडलेले होते.

तर हे टोचे तू गाडीतून उतरण्याआधी गळ्यात घालशील. दोन मुठी, त्यांना खिळ्यासारखी टोकं, मध्ये दोरी. पडलासच तर ज्या दिशेने आलास तिकडेच तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने मघाशी तुला पेललं होतं. टोचे रोवायचे, पाय पोहल्यासारखे मारायचे, छाती बर्फावर आली की उभं न राहता लोळत दूर जायचं. त्या काकांची फळीच ती. पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं, हातपाय धड चालतात ते साधारण दहा मिनिटं. त्यामुळे एकट्याने जायचं नाही, आणि माझ्या दहा पावलं मागे चालायचं. हातात पहार असेल. हो, आपली पहारच, फक्त टोक छिन्नीसारखं. दर दोन-तीन पावलांवर पुढे आपटायची. एक-दोन घावांत आरपार गेली तर चर्चा न करता मागे फिरायचं.

आता घाबरू नकोस. जानेवारीच्या मध्यापर्यंत आपण जाणार तिथे एरवी फूट-दीड फूट बर्फ असतो आणि लोक ट्रक घेऊन जातात. तरी निघायच्या आदल्या दिवशी मी फोन करून विचारणार, आणि गाडी बर्फावर चढली की काचा खाली, पट्टा सोडलेला, वेग बैलगाडीचा. जोरात नेली तर बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि काठाशी जाऊन बर्फ फोडते.

जागा मिल लॅक्स. शहरापासून उत्तरेला दीड-दोन तास. नाव फ्रेंच, पण तळं ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांचं आहे. १८३७ च्या तहात त्यांनी जमीन दिली तेव्हा शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, आणि तो अजून शाबूत आहे हे १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणून किती मासे काढायचे हे दरवर्षी राज्य आणि ओजिब्वे जमाती मिळून ठरवतात. साधारण ५३५ चौरस किलोमीटर पाणी, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीहून मोठं, आणि खोली कुठेही बेचाळीस फुटांच्या वर नाही. परातच म्हण ना. पश्चिमेच्या गॅरिसन गावात काठावर आपण गरवणार त्या वॉलाय माशाचा भलामोठा पुतळा आहे. फोटो काढायचा हट्ट तू धरणारच, म्हणून वाटेत अर्धा तास राखून ठेवलाय.

वॉलाय हा १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा. सोनेरी-हिरवट अंग, पांढरं पोट, तोंडात दात, पाठीवर काटेरी पंख. त्याची खरी गंमत डोळ्यात. मांजरासारखा त्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला तेवढं दिसत नाही. तो जेवायला निघतो ते उजाडताना आणि दिवस बुडताना. माझा पहिला अख्खा हिवाळा वाया गेला कारण मी दहा ते तीन बसायचो, ऑफिससारखा. शेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने महिनाभर बघून शेवटी सांगितलं, "तू निघतोस तेव्हा मी येतो, हे तुझ्या लक्षात आलं नाही का?"

शाळेत पाठ केलेलं 'पाण्याचे असंगत आचरण' आठवतं? चार अंशांना पाणी सर्वांत जड, त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं. मला त्याचा उपयोग पन्नाशीत कळला. वर उणे वीस असलं तरी बर्फाखाली पाणी पाणीच राहतं, आणि सगळ्यात ऊबदार थर तळाशी. वॉलायही बहुधा तळाजवळच फिरतो. तेव्हा पहिलं काम खोली मोजण्याचं. गरीला शिशाचा गोळा चिमटवून तंगूस खाली सोडायचा, तळ लागला की वीतभर ते हातभर वर आमिष ठेवायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, आपण जेटीवर करायचो तेच.

सामानाचं मन लावून वाचू नकोस, सगळं माझ्याकडे आहे. भोक पाडायला आठ इंची गिरमिट, आता बॅटरीवर चालतं. भोकातला चुरा काढायला झारा, भजी तळायचाच जणू, फक्त लांब दांड्याचा. काठी जेमतेम अडीच फुटांची, कारण भोकावर वाकूनच बसायचं असतं. सहा पौंड वजन पेलणारा बारीक तंगूस. हिवाळ्यात इथे माणशी दोन गळ टाकता येतात. एक हातात, त्याला पत्र्याची चकचकीत चमची आणि तिच्या तिकाट्या गरीला मिनोचं, म्हणजे बोटभर माशाचं, मुंडकं. दुसऱ्याला जिवंत मिनो, वर बॉबर, म्हणजे तरंगणारा गोळा, आणि त्याला हात लावायचा नाही. हातातली चमची माशाला बोलावते, पण पुष्कळदा तो येऊन खातो शेजारचा गुपचूप मिनो.

नवखा माणूस काठी फार हलवतो. तू तर हलवशीलच. फूटभर उचल, पडू दे, मग थांब. दहापर्यंत मोज. माझ्याकडे फ्लॅशर आहे, पाण्याखालची हालचाल रंगीत रेघांनी दाखवतो. तुझी चमची एक रेघ, तळाकडून वर येणारी जाड रेघ म्हणजे मासा. ती दिसली की तुझे हात थरथरतील आणि तू काठी जोरात झटकशील. तसं करू नकोस. अगदी हळू, अंगठ्याच्या नखाएवढं वर घेत राहा. तो मागे आला तर घेणार. आणि घेतलं की धक्का मोठा नसतो, काठीचं टोक फक्त जड होतं, कोणी ओला रुमाल अडकवल्यासारखं. मनगटाने एक छोटा हिसका, आणि मग तंगूस ढिला पडू द्यायचा नाही. बर्फाच्या कडेला तो घासला की तुटतो.

आपण साडेतीनला भोकं पाडून मोकळे होऊ. गिरमिटाचा आवाज, पायांची धावपळ, सगळं त्यानंतर बंद. पाचच्या सुमारास सूर्य जातो. तळं तेव्हा बोलायला लागतं. आधी लांबून गडगड, मग पायाखालून एक लांब चिरकणारा आवाज जातो, लोखंडी तार ताणून सोडल्यासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बादली टाकून काठाकडे पळालो होतो आणि तो म्हातारा पोट धरून हसला होता. गारठ्याने बर्फ आकसतो, ऊब मिळाली की प्रसरण पावतो, त्याचा तो आवाज. मला आता भीती वाटते ती मार्चमधल्या मुक्या, मऊ, पावसाने भिजलेल्या बर्फाची.

माझा पहिला वॉलाय असाच सव्वापाचला आला. भोकावर वाकलो, कपाळावरचा दिवा लावला, आणि खाली काळ्या पाण्यात एक गोल, चंदेरी ठिपका पेटला. आधी वाटलं चमचीच. मग तो ठिपका फिरला आणि माझ्याकडे बघायला लागला.

हाताळायचं मात्र जपून. पाठीचे काटे टोचतात आणि कल्ल्याची कड ब्लेडसारखी कापते. मोजपट्टी शेजारीच ठेवायची, कारण किती मासे आणि किती लांबीचे ठेवायचे हे या तळ्यावर हंगामागणिक ठरतं, आणि आकडा तुझ्या भुकेच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. मोठे मासे म्हणजे बहुतेक अंडी देणाऱ्या माद्या, त्या सोडायच्याच. सोडायचा मासा बर्फावर आपटत ठेवायचा नाही, उणे वीसमध्ये त्याचे डोळे आणि कल्ले गोठतात. काढ, मोज, परत घाल.

कपड्यांचं तुझ्या लेकीला सांगून ठेवलंय, तरी सांगतो: सुती बनियन घरी ठेव. घाम धरतं आणि मग बर्फ होतं. आत लोकर, वर वारा अडवणारं. पायाखाली जुन्या गालिच्याचा तुकडा, कारण थंडी बुटाच्या तळातूनच चढते. आपण दिवसभरासाठी भाड्याची झोपडी घेतोय, आत गॅसची शेगडी असते. तू झरोका बंद करायला जाशील. करू नकोस. शेगडीच्या धुरापेक्षा न दिसणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड, वाईट, आणि त्याला वास नसतो.

परवाना बहात्तर तासांचा काढू. उरलेलं मिनोचं पाणी तळ्यावरून निघताना ओतून द्यायचं आणि नळाचं भरायचं, असा कायदा आहे. २००५ पासून तिथे झेब्रा शिंपल्यांनी ठाण मांडलंय, ते दुसरीकडे नेऊ नयेत म्हणून.

चवीचं विचारलंस. खरं सांगू? पांढरं, नाजूक, काटे कमी, आणि स्वतःची चव जवळजवळ नाहीच. जिताड्याची आठवण काढशील तर रडशील. इथले लोक मैदा किंवा बिस्किटाचा चुरा लावून तळतात आणि डोळे मिटून खातात. मी कोकमाचं आगळ, हळद, तिखट, लसूण लावून अर्धा तास ठेवतो आणि रव्यात घोळवून तव्यावर टाकतो. म्हाताऱ्याला एकदा दिला. दोन तुकडे खाऊन त्याने विचारलं, "हे जांभळं पाणी कुठे मिळतं?"

तेव्हा येताना आगळाच्या दोन बाटल्या आण, सामानात टाक, हातातल्या पिशवीत नको. गेल्या खेपेसारखी गुंडाळी ढिली नको, माझे तीन शर्ट गेले होते. सुके बोंबील आणायचा विचारही करू नकोस, विमानतळावर तुला सोडवायला मी येणार नाही.

माईंना शि. सा. न., वहिनींना नमस्कार. आणि तुझ्या बुटाचं माप लगेच कळव. लोकरी मोजे घालून मोजलेलं, नुसत्या पायाचं नको.

तुझा,
बाळ्या