अखाजीला येतेय, पण मशीन बंद करून नाही

जळगाव, रविवार, रात्रीचे साडेअकरा

ती. आई आणि ती. नाना यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, "पोरं आशी, नि तुले फॅशन सुचस तरी कशी व माय?" माझ्या दोन्ही पोरांना, दादूला नि चिमीला, ऑटिझम आहे, म्हणून तिचं ते "आशी". मी हसून विषय बदलला. दादू शेजारी उभा होता, कुकरची शिट्टी होत होती. पण वाक्य डोक्यातून जाईना. फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं आणि नाना लगेच फोन आईकडे देतात, म्हणून पत्र लिहितेय. नानांना दिसत नसेल तर आई, तूच वाचून दाखव. तुझ्याबद्दलचा मजकूरसुद्धा गाळू नकोस.

आधी एक किस्सा. गेल्या महिन्यात लग्नसराईची अल्टरची कामं ढिगाने आली होती. सात ड्रेस खुंट्यांना टांगून मी दाराशी आलेल्या बाईंशी बोलत होते. परत येऊन बघते तर दादू फरशीवर मांडी घालून बसलेला, हातात माझा रिपर, आणि समोर सात लेबलं एका रांगेत मांडलेली. कंपनीच्या नावाची, मानेपाशी असतात ती. कापडाला कुठे ओरखडा नाही, एकेक टाका उसवून काढलेला. नाना, तुमच्याकडे दोन-दोन वर्षं काम शिकायला राहिलेल्या पोरांनाही इतकं स्वच्छ उसवता यायचं नाही.

त्याला वाटलं असणार, आपली मान ज्याने जळते त्याने सगळ्यांचीच जळते. सहा बायांनी काही मनावर घेतलं नाही. सातवी मात्र जाम भडकली. लेबलच गेलं तर हा एवढ्या महागाचा आहे हे लोकांना कळणार कसं, म्हणे! मी लेबल परत लावून दिलं, शिलाई घेतली नाही. तिचा रागही आला नाही. हौसेने घेतलेलं लोकांना दिसावं असं वाटतंच की. मला नाही का वाटत?

लेबलचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. सकाळी सदरा घातला की पाच मिनिटांत तो अंगावर आहे हे आपण विसरतो. दादूला दिवसभर विसरता येत नाही. पहिलीत असताना तो शाळेचा शर्ट ओरबाडून काढायचा आणि आपण सगळे त्याला हट्टी म्हणायचो. मीही म्हणायचे, दोनदा मारलंसुद्धा. आता कळतं की लेबल कात्रीने कापलं तर उरलेला खुंट जास्त टोचतो, तो टाक्यासकट उसवावा लागतो. ओव्हरलॉकचा नायलॉन दोरा त्याला चालत नाही. म्हणून त्याच्या सगळ्या शर्टांना कडा आत दुमडून दोन टिपांची सपाट शिलाई घालते, तुम्ही कोपरीला घालायचात ती. इलास्टिक उघडं नाही, मऊ नेफ्यात. कापड चारदा धुऊन खळ पार गेल्याशिवाय कात्री लावत नाही. गणवेशही त्याच रंगाच्या सुती कापडाचा शिवून दिला. तो घालून पोरगा पहिल्यांदा शाळा सुटेपर्यंत वर्गात बसला.

चिमीचं सगळं उलटं. तिला घट्ट हवं, जड हवं, चमकी हवी. 16 कळ्यांचा फ्रॉक घालून ती गरगर फिरते आणि घेर कसा उठतो ते खाली बघत राहते. दमत नाही, चक्कर येत नाही. दोघांनाही स्वमग्नता, पण एकाचं माप दुसऱ्याला लागू पडेल तर शपथ. (आपल्याकडे डॉक्टरही ऑटिझमच म्हणतात. मला मराठी शब्द आवडत नाही. स्वतःत मग्न म्हणे! चिमी घरात कुणाला स्वतःत मग्न राहू देईल तर ना.)

आता जे कधी बोलले नाही ते. चिमीच्या जावळाला, आपल्याच अंगणात, नात्यातल्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दिवस असताना मशीनवर बसायची ना ही, ती धडधड पोटातल्या पोरांना लागली." आई, तू तिथेच पुरण वाटत होतीस. तू मान वर केली नाहीस. मी घरी आले, मशीनवर चादर टाकली आणि पुढे चौदा महिने ती काढली नाही. तुम्हाला सांगितलं की गिऱ्हाईक कमी झालंय. गिऱ्हाईक नव्हतं कमी झालं.

डॉक्टरांना मी लाजत लाजत विचारलं होतं. ते म्हणाले, ही घडण मुख्यतः जनुकांची, मेंदूची जडणघडण जन्माआधीच तशी होत असते. एक मूल असं असलं तर पाठच्या भावंडातही ते येण्याची शक्यता साधारण पाचात एक. मशीनचा काही संबंध नाही. लसीचाही नाही. 1998 साली ज्या लेखामुळे लसीवर आळ आला, तो खुद्द छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यातच बसले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरही आयांनाच दोष द्यायचे. आई मायेने थंड म्हणून मूल असं झालं, असं चक्क पुस्तकांतून लिहायचे. पुढे ते साफ खोटं ठरलं. म्हणजे आपल्या अंगणातल्या त्या बाई एकट्या नव्हत्या.

जनुकांवरून आठवलं. नाना, तुमच्या दुकानात रिळं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकाच क्रमाने लागलेली असायची. एक जरी इकडचं तिकडे झालं तर तुम्ही जेवायला उठत नसत. लग्नाच्या पंगतीला गेलात तरी पाठीमागच्या दारानं, आणि बँड वाजला की घरी. मी काही म्हणत नाही. फक्त दादूची लेबलांची रांग बघून मला हसू का आलं ते सांगितलं.

चौदा महिन्यांनी चादर काढली ती मुलांसाठी नाही. हे मला नीट सांगायचंय, कारण इथे मला सगळे तेच म्हणतात. थेरपीवाल्या मॅडम म्हणतात, "किती छान, तुम्ही स्पेशल मुलांचे कपडे शिवता." शेजारच्या म्हणतात, पोरांच्या थेरपीला हातभार. हे सगळं आहेच. दादूचा दिवसाचा क्रम मी कापडी खिशांवर लावलाय: आंघोळीचं चित्र, रिक्षाचं, जेवणाचं. एकेक झालं की तो चित्र खिशात उलटं घालतो. तेही मशीनवरच शिवलं. पण मशीनवर बसते ती मला शिवायला आवडतं म्हणून. ब्लाऊजच्या पाठीचा गळा खोल घ्यायचा की नाही, प्रिन्सेस कटची रेघ मुंढ्यातून काढायची की खांद्यातून, यावर मी तासभर विचार करू शकते आणि तो तास माझा असतो.

आई, तुझी दोन जुनी लुगडी दिवाळीला नेली होती ना? गोधडीला नेली असं तुला वाटलं. त्यातल्या हिरव्याचं मी जाकीट शिवलं, बिनबाह्यांचं. काठ पाठीवर उभा घेतला, अगदी मणक्यावरून, आणि खाली सात बारीक चुण्या टाकल्या. पदराला जिथे रफू केलं होतंस ते लपवलं नाही, मुद्दाम खिशावर आणलं. तीन रात्री लागल्या. कॉलेजातल्या एका पोरीने ते 1800 रुपयांना नेलं. ती गेल्यावर मला कुठे ठेवू नि कुठे नाही असं झालं होतं. मग चिमीने पीठ सांडलं आणि खाली आले.

वेळ कसा काढते विचारलंस. सकाळी दादू शाळेत, चिमी थेरपीला. ती आत असते ती पाऊण तास मी बाहेरच्या बाकावर हूक लावत बसते. ह्यांची चटईच्या कारखान्यात दुसरी पाळी असली की दुपारपर्यंत घर ते बघतात. खरं कातरकाम रात्री दहानंतर. टाचण्या मोजून पंचवीस, लोहचुंबकाच्या डबीत. उठताना पंचवीस भरल्या नाहीत तर भरेपर्यंत झोप नाही. इस्त्री उंच फळीवर, खोलीला वरून कडी.

आणि तुमचं एक शिकवणं मी तारखांना लावलंय, नाना. जूनमध्ये गणवेश शिवताना तुम्ही कापडात दोन इंच माया सोडायचात, पोर वाढतं म्हणून. मी तारखेत माया सोडते. वीस तारखेचं लग्न असेल तर चौदाला काम संपलं पाहिजे असं धरते. मधल्या दिवसांत कुणाचा तरी गोंधळ होणार हे ठरलेलं. दादूची गाडी रद्द झाली, चिमीची लाल वाटी फुटली, एवढंही पुरतं. माया सोडायला लागल्यापासून कुणाचा ब्लाऊज रखडला नाही. काम मात्र निम्मंच घेते, त्यामुळे पैसेही निम्मेच. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

त्या पैशातून दर महिन्याला दोन हजारांची आरडी दोघांच्या नावे आहे. "आमच्यामागे तुमचं ठीक, तुमच्यामागे यांचं काय?" असं नाना एकदा अर्ध्या रात्री म्हणाले होते. मी जागी होते, ऐकलं. उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. पण दोघांची दिव्यांग प्रमाणपत्रं झाली आहेत. 40 मुद्द्यांची तपासणी असते, चिमी त्यांपैकी निम्मा वेळ टेबलाखाली होती. निरामय विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही बसते. आणि 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे 18 वर्षांनंतर अशा मुलांना कायदेशीर पालक नेमून घेता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून. भाऊशी मला त्याबद्दल समोरासमोर बोलायचंय. तुम्ही आधी काही बोलू नका.

तर अखाजी. अक्षय्यतृतीयेला येतेय. दादूला आत्तापासून गाडी चढलीय. पाळधी, धरणगाव, अमळनेर, आणि आपण अमळनेरला उतरायचं असलं तरी तो थांबत नाही, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला पोचतो. त्याला कुणी "ओळखलंस का मला?" असं विचारू देऊ नका. ओळखतो तो, उत्तर देत नाही. फार विचारलं तर "यात्रीगण कृपया ध्यान दें" म्हणेल, आणि लोक हसतील, आणि मग तो दिवसभर तेच म्हणेल. नाना, तुम्ही फक्त शेजारी बसा आणि म्हणा, "पाळधी." पुढचं तो म्हणेल. एवढं पुष्कळ आहे.

लिंबाला झोका मात्र नक्की बांधा, दोर जाड घ्या. यंदा बायांनी गौराईची गाणी म्हणायच्या आधी तासभर झोका आमच्या दोघांना द्या. पत्त्यांचा डाव ओसरीवर नको, कालव्याने दादू कान दाबून फिरतो. खापरावरच्या पोळ्या करच, पण त्याने खाल्ली नाही तर पाठी लागू नकोस. दहीभात आणि केळं चालतं त्याला. आणि आई, भगताकडे न्यायचं नाही. मागच्या वेळी गुपचूप दोरा बांधलास, तो मनगटाला टोचून त्याने दातांनी तोडला आणि रात्रभर झोपला नाही.

मी मशीन नेणार नाही, पण वही आणि पेन्सिल आणणार आहे. दुपारी सगळे निजले की मी ओसरीवर बसून चित्रं काढीन. तेव्हा "जरा आडवी हो" म्हणू नका.

जावळाच्या दिवसाबद्दल लिहिलं म्हणून रागावू नकोस. उत्तरात त्याबद्दल काही लिहिलंच पाहिजे असं नाही.

तुमची,
माई

ता. क. आई, चिमीसाठी एक गोधडी हवी आहे. थेरपीवाल्या मॅडम वजनाचं पांघरूण घ्या म्हणाल्या. अंगावर सगळीकडे सारखा दाब पडला की काही मुलं निवांत होतात. बाजारात ते फार महाग आहे, आणि तुझी जुनी गोधडी अंगावर घेतल्यावर दादू कसा निजतो ते मी बघितलंय. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास धरतात. चिमी 18 किलोची आहे, म्हणून पावणेदोन किलोच्या वर नको, तिला स्वतःला झुगारता आली पाहिजे. लांबी चार फूट, रुंदी तीन. सगळं सुती, धुऊन मऊ झालेलं. टाके जवळ जवळ घाल म्हणजे आतलं कापड एका कोपऱ्यात गोळा होणार नाही. दोरा नायलॉनचा नको. उन्हाळाभर ती फक्त पायांवर घेईल, कूलरसमोर. वजन किराणाच्या काट्यावर करून घे.

आणि नाना, तुमची मोठी कात्री आम्ही यायच्या आधी कपाटाच्या वर ठेवा. दादूला आता रिपर पुरत नाही.